सातवी घडी

डोळे गेल्यापासून टेलरकाकूंच्या हाती घरच्यांनी सुईदेखील दिली नव्हती. आज त्यांनी कागद मागितला आणि सुनेच्या फोनमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारत, पंख हलवणारा पक्षी घडवायला घेतला. सातव्या घडीला फोन म्हणाला, “चित्रात दाखवल्याप्रमाणे वरचा कोपरा उचला.” सून हळहळली. “राहू द्या आई, डोळसांनाही जमत नाही. आणा, मी करते.” “हात लावशील तर याद राख!” काकू फोनकडे वळल्या. “चित्र ठेव तुझ्यापाशी. बोटांना काय लागेल, ते बोल.” फोन म्हणाला, “दोन जाड कडांमध्ये मोकळा खिसा लागेल.” खिसे तर काकूंनी जन्मभर शिवलेले! अंगठा अचूक आत शिरला. पक्षी तयार झाल्यावर फोन म्हणाला, “फोटो दाखवा, तपासतो.” “तू कोण रे तपासणारा?” काकूंनी पक्षी गालाशी धरून शेपटी ओढली. पंखांनी झक्कास वारा घातला.