चौसष्ट नोंदी आणि एक कोरं पान

“लंगडतंय ते. डाव्या पायावर जोर देतंय.”

चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेला हा आवाज घड्याळजींच्या कानात अजून ताजा होता. गिऱ्हाइकांना ते डोळे मिटून सांगायचे, “माझ्या गुरूंचा आवाज. त्या दिवसापासून मला घड्याळाचं दुखणं कळायला लागलं.” गुरू कोण, कुठले, असं कुणी विचारलं की घाईघाईनं भिंग डोळ्याला लावायचे.

आता डोळेच दगा देत होते. सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन. त्याच दिवसापासून टेबलावर लेक बसणार होती. म्हणजे बाबांची विद्या हाती लागली तर. नाहीतर दुकानाला कुलूप. म्हणून तिनं त्यांच्या टॅबवर नोंदींचं अ‍ॅप घालून दिलं.

“डोक्यातलं सगळं यात उतरवा, बाबा. सुचेल तसं लिहा. एका नोंदीला दुसरी जोडता येते.”

बाबा हरखले. पहिला आठवडा नुसते फोल्डर केले. लोलकाच्या घड्याळाचा निळा, गजराच्याचा लाल, पाखराच्या घड्याळाचा हिरवा. मग निळा मळकट वाटला म्हणून सगळं पुन्हा रंगवलं.

“घर बांधून रंगवून झालं,” आई आतून म्हणाली, “आता राहायला कधी जाताय?” दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पातळ फळी तेवढी होती.

शनिवारी लेकीनं टॅब उघडला. चौसष्ट नोंदी! तिला भरून आलं. पहिली वाचली. ‘घड्याळ मागच्या फळीला टांगावे. आत जाऊन चहा घ्यावा. पुढे पाहा: ऐकणे.’ दुसरी वाचली. फळी, चहा, ऐकणे. तिसरीत चहाऐवजी सरबत होतं. उन्हाळ्यातलं घड्याळ असावं.

तिनं नोंदींचा नकाशा उघडला. चौसष्ट ठिपके, चौसष्ट धागे, आणि सगळे एकाच, पासष्टाव्या ठिपक्याकडे धावलेले, जशी लेकरं आईकडे. तिनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ‘ऐकणे.’ खाली पांढरं पान. एक अक्षर नाही.

“बाबा, हे कोरंच आहे.”

“लिहितो गं. रंग ठरत नाहीये.”

“रंग गेला खड्ड्यात! गुरूंनी शिकवलं ते सांगा ना. परवा मी कुणाला विचारू?”

फळीवर गल्लीतल्या डॉक्टरांचं दुरुस्तीला आलेलं घड्याळ चालत होतं. टिक यायची, टक रेंगाळायची. टक यायची, टिक दमायची. लेकीला सगळं सारखंच वाटलं.

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

“अहो, डॉक्टरांचं लंगडतंय हं. डाव्या पायावर जोर देतंय.”

लेकीनं फळीकडे पाहिलं. मग चौसष्ट नोंदींकडे. मग टेबलावरच्या चहाच्या कपाकडे.

बाबांनी भिंग काढलं, सदऱ्याला पुसलं, पुन्हा पुसलं.

“मी नुसते स्क्रू पिळले गं,” ते हळूच म्हणाले. “जा, टॅब घेऊन आत जा. गुरू भांडी विसळतायत.”