चाकांच्या बुटांचा आवाज

मामानं दिलेले चाकांचे बूट घालून आठ वर्षांची देवकी इतवारीच्या रस्त्यावर फिरायची, आणि तिची आई पुष्पलता त्या खरखरीकडे कान ठेवून स्वयंपाक करायची. आज खरखर एकदम थांबली. तव्यावरची पोळी तशीच सोडून पुष्पलता बाहेर धावली. देवकी रस्त्याच्या कडेला अनवाणी उभी होती, बूट हातात.

"काहून काढले? सायकलरिक्षाले धडकली का?"

"नाही वं. मयत जाऊन राहिली होती. तूच म्हणते न, तेव्हा पायात काही ठेवू नये."

"बरं केलं."

"तिरडी नव्हती, आई. एवढुसं लेकरू होतं. त्याच्या बाबानं हातावरच नेलं."

पुष्पलतानं देवकीला उचलून कडेवर घेतलं.

"आई, मले चालता येते."

घर येईपर्यंत पुष्पलतानं तिला खाली उतरवलं नाही.