कोपऱ्यातलं पाणी

लेकीने हातोडीच्या दांड्याने सिमेंटवर टकटक केलं, कान लावला आणि वहीत लिहिलं, "पोकळ नाही." पाण्याने भरलेली बादली धरून मागे उभ्या असलेल्या मिस्तरींची छाती फुगली. फुगणारच. ते काँक्रीट त्यांच्याच हातचं होतं. फक्त लेकीला ते माहीत नव्हतं.

लोकांनी घर विकत घेण्याआधी ते डोळ्यांत तेल घालून तपासून द्यायचं, हा तिचा धंदा. बाप आयुष्यभर गवंडी. सगळा गाव त्यांना मिस्तरी म्हणायचा. गुडघ्यांनी संप पुकारला तसे ते तिच्याबरोबर फिरू लागले, बादली धरायला. घरी बसून करणार काय? आज तिने गाडी थांबवली, आणि समोरचं गेट मिस्तरींनी लगेच ओळखलं. पोर्चपासून गेटपर्यंतचा तो सिमेंटचा ड्राइव्हवे त्यांनी तीस वर्षांपूर्वी घातला होता.

"माझ्या कामावर पाण्याचा थेंब थांबत नाही." हे वाक्य त्यांनी घरात इतक्यांदा ऐकवलं होतं, की लहानपणी लेक जेवताना त्यांच्याच आवाजात ते म्हणून दाखवायची. इथेही थेंब थांबत नव्हता. एक कोपरा सोडून. त्या कोपऱ्याचा विषय त्यांनी घरात कधी काढला नव्हता.

लेक एकेक पाऊल पुढे सरकत होती. चाकं जातात तिथे केसाएवढी भेग दिसली. तिने नखाने खरवडून पाहिली, वरवरची होती. गेटपाशी नाली काठीने ढवळली, मोकळी होती. मग चपला काढून अनवाणी चालून आली, कुठे पाय अडखळतो का ते बघायला. ही सवय मिस्तरींचीच.

"तीस वर्षं जुनं म्हणता?" ती घर विकणाऱ्या मालकांना म्हणाली. त्यांनी हे घर पुढे कधीतरी घेतलं होतं. "कुणी केलंय कोण जाणे, पण हात सोन्यासारखा होता त्या माणसाचा."

मिस्तरी उगाच आकाशाकडे बघू लागले. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

मग ती पोर्चच्या भिंतीपाशी वाकली. खाली वीतभर उंचीपर्यंत रंगाला पोपडे आले होते.

"हे कशाने?"

"नळ गळत होता," मालक म्हणाले. "गेल्याच महिन्यात बदललाय." नळ खरंच नवा होता, आणि होताही तिथेच. ते काही खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं.

लेक घुटमळली. ऊन कडक होतं, कोपरा खडखडीत कोरडा होता. ती वळली. "बाबा, तुम्हाला काय वाटतं? नळाचंच ना?"

आता काय, नुसती मान हलवायची होती. बापाचा शब्द तिला साहेबाच्या शिक्क्याहून खरा. मान हलवली की थेंब न थांबण्याची शेखीही शाबूत आणि लेकीच्या नजरेतला बापही शाबूत. पण घर घेणारं जोडपं म्हाताऱ्या आजीला घेऊन राहायला येणार होतं, आणि साचल्या पाण्यावर शेवाळ धरतं हे मिस्तरींना कुणी शिकवायला नको होतं. शिवाय अहवालाखाली सही लेकीची असणार.

त्यांनी बादली उचलली आणि कोपऱ्यात रिकामी केली.

बरंचसं पाणी शहाण्यासारखं गेटकडे गेलं. पण परातभर मागे राहिलं, आणि सरकत सरकत भिंतीच्या पायाशी जाऊन बसलं.

लेक उकिडवी बसली. बोट बुडवून खोली मोजली. तिच्या कपाळाला आठी पडली. "हा कोपरा घोटलेलाच नाही. थापी फिरलीच नाही इथे. एवढं देखणं काम करायचं आणि शेवटचा हातभर तुकडा असा सोडून कोण जातं?"

"मी," मिस्तरी म्हणाले.

मालकांना कुठे बघावं कळेना. ते नळाकडे बघत राहिले. लेकीने पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"लिहू?" तिने हळूच विचारलं.

"लिही. उतार भिंतीकडे, पाणी साचतं, पाय घसरेल, तुकडा फोडून नव्याने करा. माझं नाव टाकायचं तर तेही टाक."

तिने लिहिलं. बापाचं काम म्हणून एक शब्दही मऊ केला नाही. मिस्तरी तिच्या खांद्यावरून वाचत होते. उभ्या आयुष्यात इतकं चोख काम आपल्या हातून झालेलं नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

गाडीत बसल्यावर मात्र तिला राहवलं नाही. "बाबा, तापाने फणफणलात तरी तुम्ही काम अर्धवट टाकून आला नाहीत कधी. त्या दिवशी असं कोणतं आभाळ कोसळलं होतं?"

मिस्तरींनी रिकामी बादली मांडीवर घेतली.

"कोसळलं कसलं. दवाखान्यातून निरोप आला, मुलगी झाली. थापी तिथेच टाकली आणि तुला बघायला पळालो."