हवालदारांचं खरं उत्तर

विजयदिनाच्या मंचावर हवालदार येसाजी शेडगे उभे राहिले. त्यांना वीरमरण येऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांची पत्रं आणि वायरलेसवरचं शेवटचं बोलणं यंत्राला शिकवून ही प्रकाशाची प्रतिमा घडवली होती.

"मी महानेत्यांसाठी प्राण दिला," प्रतिमा म्हणाली. "तुम्हीही त्यांच्याच पाठीशी राहा."

टाळ्यांच्या गजरात महानेत्यांनी हवालदारांच्या पत्नीपुढे, अनसूयाबाईंपुढे, माइक धरला. "बोला त्यांच्याशी, ताई."

त्या आभार मानतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "अहो, लिहून दिलेलं राहू द्या. त्या दिवशी तुम्ही खंदकाबाहेर का गेलात?"

याचं उत्तर यंत्राला कुणी लिहून दिलं नव्हतं. प्रतिमा हवालदारांच्या नेहमीच्या सातारी बोलीत म्हणाली, "सलीम आन् दगडू जखमी होऊन पडलेते. त्यांना आणाया गेलो. दुसऱ्या कुणाचं नाव मनात नव्हतं."

अधिकाऱ्यांनी घाईने वीज तोडली. पोलीस अनसूयाबाईंना खाली उतरवू लागले, तेव्हा गर्दीतून कुबडी टेकत तोच सलीम पुढे आला आणि त्याने कडक सॅल्यूट ठोकला. त्याच्यामागे एकेक जुना सैनिक उभा राहिला. अनसूयाबाई ताठ मानेने त्यांच्यामधून पोलिसांच्या गाडीपर्यंत चालत गेल्या.