हिरवं पाणी

मेंढपाळ बिरप्पामामानं कुऱ्हाडीचा दांडा माझ्या तोंडावर हाणला आणि मी ओढ्यात पडलो. घोळ एका शब्दानं झाला. आमच्या सोलापूरच्या कारखान्यात इलेक्ट्रिक स्कूटरच्या पार्टवर निकेलचा मुलामा चढवतात, त्याचं सांडपाणी हिरवं असतं. तिथं पाणी शुद्ध करायचं नवं मशीन बसलं, तेच सांगायला मी त्याच्या वाडीवर गेलो होतो. म्हटलं, "मामा, आजपासून आमचा कारखाना हिरवा!" मला म्हणायचं होतं, प्रदूषण न करणारा; पण गेल्या साली ह्याच ओढ्यात सोडलेलं आमचं हिरवं पाणी पिऊन त्याची मेंढरं मेलेली, हे डोक्यातच आलं नाही. "परत हिरवं सोडताय व्हय रं?" म्हणत त्यानं ओढ्यातच माझी मान दाबली. "मामा, पाणी आता चांगलं हाय!" दात पडलेल्या तोंडानं मी ओरडलो. "मग पी की!" रक्तासकट ओंजळभर प्यालो. "बघा, काय झालं का?" त्यानं कुऱ्हाडीचं पातं मानेवर टेकवलं. "बस हितंच. माझी मेंढरं बी लगेच न्हाय मेली."