तक्रार

सरकारी आरोग्य विम्याचं काम कुठल्या कंपनीकडे सोपवावं, हे अमेरिकेतल्या एका काउंटीच्या अधिकाऱ्यांना समजावून सांगायला सुलेखा अ‍ॅशबर्नहून ड्राइव्ह करून आली होती. तिचं बोलणं चालू असतानाच मागच्या रांगेतून एक धिप्पाड तरुण तिच्या दिशेने धावला. "देवांग, नको! अरे, थांब!" एवढ्या सगळ्या इंग्रजीत अचानक एका बाईचं मराठी ओरडणं ऐकून ती चमकून वळली, आणि त्याने लोखंडी खुर्ची उचलून तिच्यावर हाणली. पहिल्या फटक्यात तिचं मनगट मोडलं, दुसऱ्यात जबडा. पोलिसांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं, तरी तो रिकाम्या भिंतीकडे बघून ओरडत होता, "स्टॉप टॉकिंग टू मी!"

दोन आठवड्यांनी देवांगची आई सुलेखाला भेटायला घरी आली. दारातच रडायला लागली. तारेने बांधलेल्या जबड्यातून सुलेखा कशीबशी म्हणाली, "काकू, तो आजारी आहे, हे कळतंय मला. मी आजच सरकारी वकिलांना फोन करते. माझी काही तक्रार नाही म्हणून सांगते. तुम्ही त्याला घरी घेऊन जा."

काकूंनी तिचा धड असलेला हात घट्ट धरला.

"नको गं, पाया पडते तुझ्या! आठ महिन्यांत विम्याचे तीन प्लॅन बदलले, पण त्याला हॉस्पिटलात अ‍ॅडमिट करायला एकाही कंपनीने अप्रूव्हल दिलं नाही. जेलमध्ये गेल्यापासून त्याला रोज डॉक्टर बघतोय."