आठवा हार

नारळ फुटला, कोहळा फुटला, पेढे वाटून झाले आणि सर्वेशने शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"चला, चाळीसच पितळी बुश राहिलेत," तो म्हणाला. "तासाभराचं काम. एक लेथ चालू करा, मग जा घरी."

कुणी हललं नाही. वागळे इस्टेटमधल्या त्याच्या गाळ्यात सात मशिनं होती. सातही पुसून लख्ख केलेली, सातही मशिनांवर कुंकवाचं स्वस्तिक आणि झेंडूचा हार. खंडेनवमीला ज्या हत्याराची पूजा झाली त्याला दसरा पार पडेपर्यंत हात लावायचा नाही, हे गाळ्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. शेठलाही ठाऊक होतं, पण शेठ सध्या स्वतःच्या सोयीचं तेवढंच लक्षात ठेवत होता.

"कुंकू लागलंय," नाथाकाका म्हणाले. ते लेथवर होते, सर्वेशच्या वडिलांच्या वेळेपासून. मालकाला अरे-तुरे करायची परवानगी त्यांनी कधी कुणाकडे मागितली नव्हती.

"काका, देव काय बघायला येणारे का? पाटणकरांना आजच माल पाहिजे. सकाळपासून चार फोन आलेत त्यांचे."

"देव नसेल बघत. आम्ही बघतोय ना."

बाकीचे हसले. सर्वेशला हसू आलं नाही. सात महिन्यांत त्याने एकही सुट्टी घेतली नव्हती आणि मंगळवारी माळ्यावरून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो शेवटच्या चार पायऱ्या गडगडत खाली आला होता. डॉक्टरांनी बीपी दोनदा मोजलं. चार दिवस काम बंद आणि पोटभर झोप, नाहीतर पुढच्या वेळी नुसत्या टेंगळावर भागणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. घरी बायकोला, हेमाला, त्याने सांगितलं, ड्रिलचं हँडल लागलं. खरं म्हणजे तो घाबरला होता. आणि घाबरल्यामुळे आणखी काम करत होता, म्हणजे विचार करायला वेळच उरायला नको.

"लेथचं बेअरिंग तापलं की तू काय करतोस?" नाथाकाकांनी विचारलं.

"बंद करतो."

"लगेच?"

"लगेच. नायतर जाम होईल ना, काका!"

"हां," नाथाकाका म्हणाले आणि त्यांनी पॅकिंगच्या टेबलाकडे बघून मान हलवली.

टेबलामागून रचनाताई पुढे आल्या. गाळ्यातले सगळे हार त्यांनीच ओवले होते. त्यांच्या हातात अजून एक होता.

"हा कुणाला?" सर्वेशने विचारलं. विचारता विचारताच त्याला उत्तर कळलं, पण तोवर उशीर झाला होता. मागे लेथ होतं आणि पुढे गणू वेल्डर उभा होता, दरवाजाएवढा.

नाथाकाकांनी कुंकवात बोट बुडवलं. सर्वेशच्या कपाळावरचं टेंगूळ अजून निळं होतं. ते टाळून, त्याच्या बाजूला, त्यांनी अगदी हलक्या हाताने टिळा लावला. रचनाताईंनी हार घातला. गणूने हौसेने घंटा वाजवली, जरा जास्तच वाजवली.

"झालं," नाथाकाका म्हणाले. "आता तुला पण हात लावायचा नाय. दसरा होऊ दे, मग बघू."

"काय पोरकटपणा आहे हा..." असं सर्वेश म्हणाला खरा, पण म्हणता म्हणता तो स्टुलावर बसला. इतक्या महिन्यांत लोक त्याला माल कधी देणार एवढंच विचारत होते. त्याचे डोळे भरून आले आणि पुसायला हाताशी फक्त ग्रीसचं फडकं होतं, तेव्हा त्याने ते तसेच वाहू दिले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पाटणकर. सर्वेशचा हात सवयीने पुढे गेला. नाथाकाकांनी फोनलाही कुंकवाचं बोट टेकवलं आणि तो स्वतःच घेतला, स्पीकरवर.

"सर्वेशराव, कुठपर्यंत आलं? किती वाट बघू?"

"शेठची पूजा झालीय, साहेब. आज बंद आहेत."

"कोण बोलतंय? कसली पूजा?"

"लेथवरचा नाथा बोलतोय. खंडेनवमी ना आज. मशिनं बंद, शेठ पण बंद. माल दसऱ्यानंतर मिळेल." मग काकांनी विचारलं, "पण साहेब, आज टेंपो पाठवला असता तर तुमच्याकडे माल उतरवून घ्यायला कोण आहे?"

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू आली.

"कुणी नाही," पाटणकर म्हणाले. "सगळे पूजा करून गेले. मीच आहे."

"एकटेच?"

"हो."

"मग माल घेऊन काय करणार होता?"

गणू खुदकन हसला. नाथाकाकांनी डोळे वटारले तसा गप्प झाला. सर्वेश स्टुलावरून पुढे वाकून ऐकत होता. पाटणकरांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. माल टेंपोने घोडबंदर रोडला जायचा आणि फोनवरून नुसती घाई यायची. त्या रिकाम्या कारखान्यात, बंद मशिनांमध्ये बसलेला माणूस पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांपुढे आला, आणि पहिल्यांदाच त्याला त्यांचा राग आला नाही.

"तुम्हाला नाय का कुणी कुंकू लावलं, साहेब?" नाथाकाकांनी हळूच विचारलं.

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि पंखा बंद झाला.

"वागळेला कितव्या रोडवर आहे हो तुमचा गाळा?" पाटणकर म्हणाले.